अटॅकनंतरचं हृदय आणि स्टेम सेलचे एक्झोसोम

पेशीजाल (धागाकर्ती):

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करते. एक्झोसोम, म्हणजे पेशींनी बाहेर सोडलेल्या सूक्ष्म पिशव्या, हा रोजच्या कामाचा विषय, त्यामुळे ओळखीत कुणाला अटॅक येऊन गेला की हल्ली हमखास फोन येतो: "पंपिंग तीसवर आलंय, अमुक क्लिनिकवाले एक्झोसोमचे डोस घ्या म्हणतात, घ्यावेत का?" (पंपिंग म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा.) दर वेळी फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहावं म्हणून हा धागा. प्रश्न मोकळेपणाने विचारा, जमेल तशी उत्तरं देत जाईन.

माझं मत आधीच सांगून टाकते. यामागचं विज्ञान खरं आहे आणि मला त्याच्याकडून मोठी आशा आहे. माणसाच्या हृदयावर मात्र ते आत्ता कुठे पहिल्या पायरीवर आहे. त्यामुळे आज जो कुणी पैसे घेऊन हे टोचतोय, तो उपचार देत नसून रुग्णावर न सांगता प्रयोग करतोय, असं मी स्पष्ट म्हणते.

आधी हृदयाचं. स्नायूला रक्त पुरवणारी नळी बंद पडली की मोठ्या अटॅकमध्ये काही तासांत शंभर कोटींच्या घरात स्नायूपेशी मरू शकतात. कातडी कापली तर भरून येते, यकृताचा तुकडा काढला तरी ते पुन्हा वाढतं. हृदयाचं तसं होत नाही. मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण धरतो, तो आकुंचन पावत नाही, उरलेल्या स्नायूवर ताण येतो आणि डावा कप्पा हळूहळू फुगत जातो. हृदयात नव्या पेशी अजिबात तयार होत नाहीत असं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता, तो माणसांच्या डीएनएत उतरला. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटाने २००९ मध्ये त्यावरून हृदयपेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी बदलतात, पंच्याहत्तरीत ०.४५ टक्के. अटॅकचं नुकसान या वेगाने भरून निघणं शक्यच नाही.

म्हणून बाहेरून स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या प्रकारच्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशी, घालून पाहायची कल्पना आली. अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या, नाळेतल्या, खुद्द हृदयातल्या अशा नाना पेशी घालून झाल्या. बहुतेक प्रयोगांत एक कोडं सारखं समोर यायचं. टोचलेल्या पेशी थोड्या दिवसांत जवळजवळ सगळ्या नाहीशा व्हायच्या, तरी प्राण्याचं हृदय थोडं सुधारलेलं दिसायचं. मग २००५-०६ मध्ये अमेरिकेत व्हिक्टर झाऊ यांच्या गटाने पेशी बाजूला काढल्या आणि त्या ज्यात वाढवल्या होत्या तेवढा द्रवच उंदरांना दिला. त्यानेही फरक पडला. म्हणजे काम पेशींनी बाहेर सोडलेला ऐवज करत होता.

हा ऐवज नेमका काय, हे सिंगापूरच्या साई कियांग लिम आणि नेदरलँड्सचे डॉमिनिक द क्लेन यांच्या गटांनी पिच्छा पुरवून शोधलं. त्यांनी द्रव वेगवेगळ्या आकाराच्या चाळण्यांतून गाळला. सुट्या प्रथिनांच्या भागाने काही झालं नाही, मोठ्या कणांच्या भागाने झालं. २०१० मध्ये त्यांनी दाखवलं की ते कण म्हणजे एक्झोसोम.

एक्झोसोम म्हणजे पेशीने बाहेर सोडलेली चरबीच्या पातळ पडद्याची सूक्ष्म पिशवी. व्यास साधारण ३० ते १५० नॅनोमीटर, म्हणजे कित्येक विषाणूंएवढा. आत प्रथिनं आणि आरएनएचे, म्हणजे प्रथिनं बनवायचा निरोप नेणाऱ्या रेणूंचे, तुकडे. १९८३ मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठात रोझ जॉनस्टोन मेंढीच्या कच्च्या तांबड्या पेशी परिपक्व होताना पाहत होत्या. त्या पेशी नको झालेली प्रथिनं अशा पिशव्यांतून बाहेर टाकतात असं त्यांना दिसलं. त्याच सुमारास अमेरिकेत सेंट लुइसमध्ये फिलिप स्टाल यांच्या प्रयोगशाळेलाही तेच दिसलं. बरीच वर्षं याला पेशीचा कचरा समजत होते. २००७ मध्ये स्वीडनमध्ये यान लोटवाल यांच्या गटाने उंदराच्या पेशींचे एक्झोसोम माणसाच्या पेशींना दिले, तर त्या पेशींत उंदराची प्रथिनं तयार झालेली सापडली. पिशवीतला आरएनए पोचून चक्क कामाला लागला होता. त्यानंतर या विषयाकडे बघण्याची सगळ्यांची नजर बदलली.

हृदयासाठी सगळ्यात ठोस पुरावा, माझ्या मते, लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाईमधल्या एदुआर्दो मार्बान यांच्या गटाचा, २०१४ चा. हृदयाच्या तुकड्यातून वाढवलेल्या पेशींचे एक्झोसोम त्यांनी अटॅक आणलेल्या उंदरांना दिले, व्रण लहान झाला. कातडीच्या साध्या पेशींचे एक्झोसोम दिले, काही झालं नाही. मूळ पेशींना औषध देऊन एक्झोसोम सोडणंच बंद पाडलं, तर त्या पेशींचा फायदाही गेला. या तीन गोष्टी एकत्र आल्या की पुराव्याला वजन येतं. पिशवीतल्या मायक्रो-आरएनए-१४६ए या बारीक तुकड्याचा त्यात वाटा असल्याचंही त्यांनी दाखवलं. एकूण बघता एक्झोसोम दाह आवरतात, मरायला टेकलेल्या पेशी वाचवतात, नव्या केशवाहिन्या फुटायला मदत करतात, व्रण पसरू देत नाहीत. मेलेला स्नायू परत उगवतो असं कुणीही नीट सिद्ध केलेलं नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

माणदेशी:

ताई, अगदी वेळेवर लिहिलंत. वडिलांना दिवाळीत अटॅक आला, वय ६४. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट टाकला, घरी आले तेव्हा पंपिंग २८. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकने तीन डोसचं पॅकेज सांगितलंय, साडेचार लाख. आधीच्या पेशंटांचे व्हिडिओ दाखवतात, २८ चं ३८ झालं, ३० चं ४२ झालं. वर म्हणतात यात पेशीच नाहीत म्हणून साइड इफेक्ट शून्य. भाऊ म्हणतो डाळिंबाचे पैसे हातात आहेत, देऊन टाकू, बापापेक्षा पैसा मोठा नाही. मला कळत नाहीये.

तुमचं वाचून मला एवढं समजलं की पेरलेलं बी उगवलंच नाही, पण बियाण्याला लावलेल्या औषधाने जमीन सुधारली. बरोबर का?

पेशीजाल:

माणदेशीदादा, बरोबर समजलंय. फक्त जमीन सुधारल्याचं आपण आजवर उंदरांत आणि डुकरांत पाहिलंय.

व्हिडिओतल्या आकड्यांबद्दल इथल्या डॉक्टर मंडळींपैकी कुणी बोललं तर बरं. साइड इफेक्टवर मी खाली लिहिते.

स्पंदन:

मी नाशिकला हृदयरोगतज्ज्ञ आहे. असे व्हिडिओ माझे पेशंटही मला आणून दाखवतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अटॅकनंतर लगेच काढलेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग जितकं कमी दिसतं, तितकं सगळं कायमचं गेलेलं नसतं. काही स्नायू मेलेला असतो, काही नुसता बधिर झालेला असतो. स्टेंट टाकून रक्त सुरू झालं की हा बधिर भाग काही दिवसांत, कधी काही आठवड्यांत, परत हलायला लागतो. वर गोळ्यांचा परिणाम. त्यामुळे तीन महिन्यांनी २८ चं ३८ होणं हे आम्ही एक्झोसोमशिवाय नेहमी बघतो. त्यात इको हा बघणाऱ्याच्या नजरेवरही अवलंबून असतो. तोच पेशंट, तेच मशीन, डॉक्टर वेगळा, तर पाच-सात टक्क्यांचा फरक सहज पडतो. म्हणूनच चाचणीत निम्म्यांना खरं औषध, निम्म्यांना बिनऔषधाचं द्रावण देतात आणि इको वाचणाऱ्याला कुणाला काय दिलं हे कळू देत नाहीत. व्हिडिओत यातलं काहीच नसतं.

माणदेशी, आता वडिलांच्या फाइलमध्ये एक गोष्ट बघा. पंपिंग कमी असलेल्यांसाठी आज चार प्रकारची औषधं आहेत: बीटा ब्लॉकर, रॅमिप्रिलच्या जातीचं किंवा सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन, आणि डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. हजारो पेशंटांवरच्या चाचण्यांत यांनी मृत्यू कमी करून दाखवलेत. डॅपाग्लिफ्लोझिनची मूळ ओळख मधुमेहाची गोळी अशी, पण २०१९ च्या मोठ्या चाचणीत मधुमेह नसलेल्यांनाही फायदा दिसला. चारही चालू आहेत का? डोस हळूहळू वाढवत नेलाय का? माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येणाऱ्या पुष्कळ जणांचा डोस डिस्चार्जच्या दिवशी होता तिथेच असतो. बीपी, किडनी, पोटॅशियम बघून तो वाढवावा लागतो. हे काम तुमच्या डॉक्टरांबरोबर बसून करायचं, स्वतःच्या मनाने नाही.

तीन महिने पूर्ण औषधं घेऊन झाली की परत इको. तेव्हाही ३५ च्या खाली राहिलं तर आयसीडी नावाचं यंत्र बसवायचं का, याचा विचार होतो. अचानक ठोके बिघडून जाणारा जीव ते वाचवतं. साडेचार लाख खर्चायचेच असतील तर ते अशा वेळी लागतील, हाताशी ठेवा.

चिकित्सक:

दोन्ही प्रतिसाद आवडले. पण मला एक शंका आहे, जरा स्पष्टच विचारतो. हृदयाच्या स्टेम सेलच्या नावावर आधी एवढा मोठा घोटाळा होऊन गेलाय. एक्झोसोम त्याच रांगेतलं नवं नाव कशावरून नाही?

चार्ल्सकाठ:

मी बोस्टनला असते, तो सगळा प्रकार इथे बातम्यांत रोज होता, म्हणून मी सांगते.

२००१ मध्ये पिएरो अन्व्हर्सा या संशोधकाच्या गटाने 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध केलं की अस्थिमज्जेतल्या पेशी उंदराच्या हृदयात घातल्या की नवा स्नायू तयार होतो. पुढे त्यांनी म्हटलं की हृदयातच स्वतःच्या स्टेम सेल असतात. २००४ मध्ये त्याच 'नेचर'मध्ये दोन वेगळ्या गटांनी तोच प्रयोग करून बघितला, अस्थिमज्जेतल्या पेशींचा स्नायू झालेला दिसला नाही. तरी गाडी थांबली नाही. ते आधी जिथे काम करत होते त्या ब्रिगहॅम रुग्णालयाने आणि त्याच्या पालक संस्थेने, बनावट आकड्यांवर सरकारी निधी मिळवल्याच्या आरोपावरून, २०१७ मध्ये अमेरिकी सरकारला १ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ऑक्टोबर २०१८ मध्ये हार्वर्ड आणि ब्रिगहॅमने त्यांचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत असं कळवलं. हृदयातल्या म्हणवलेल्या त्या स्टेम सेल वापरून चालू असलेली माणसांवरची एक चाचणी तेव्हा थांबवून तपासावी लागली. आधीच्या एका चाचणीचा २०११ च्या 'लॅन्सेट'मधला निबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला. मला सगळ्यात लागलं ते हे की मधल्या काळात खऱ्याखुऱ्या रुग्णांच्या हृदयात या पेशी घातल्या गेल्या होत्या.

पेशीजाल:

चिकित्सक, तुमची शंका रास्त आहे. आमच्या क्षेत्राने ती स्वतःला रोज विचारायला हवी.

फरक मला असा दिसतो. अन्व्हर्सांचा दावा 'नवा स्नायू तयार होतो' हा होता आणि तो दुसऱ्या कुणाला जमेना. एक्झोसोमचा दावा लहान आहे: नुकसान कमी होतं. तो वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या पेशी वापरून, पुन्हा पुन्हा दिसलाय. तरीही आशेला वेसण घालणाऱ्या गोष्टी आहेत आणि त्या मी मुद्दाम सांगते.

मार्बान यांच्याच पेशींची माणसांवरची मोठी चाचणी व्रण कमी होत नाही असं दिसल्यावर २०१७ मध्ये आवरती घ्यावी लागली. त्यांच्या गटाने त्याच वर्षी डुकरांवरचे एक्झोसोमचे प्रयोग छापले. छाती उघडून थेट स्नायूत टोचले तेव्हा व्रण घटला. तेच हृदयाच्या नळीतून सोडले तर फायदा दिसला नाही. आणि २०२० मध्ये सिनसिनाटीच्या जेफ्री मोल्केंटिन यांच्या गटाने 'नेचर'मध्ये दाखवलं की उंदराच्या हृदयात जिवंत स्टेम सेलऐवजी मेलेल्या पेशी टोचल्या, किंवा नुसता दाह चेतवणारा एक रासायनिक पदार्थ टोचला, तरी व्रणाची जागा थोडी सुधारते. म्हणजे काही फायदा टोचण्यानेच जाग्या झालेल्या रोगप्रतिकार पेशींचा असू शकतो. हा निबंध आला तेव्हा आमच्या चर्चेत बराच वेळ कुणी काही बोललंच नाही. पुढचा प्रत्येक प्रयोग आखताना आता हे ध्यानात धरावं लागतं.

रात्रपाळी:

मी आयसीयूत नर्स आहे. माणदेशींना जे सांगितलं ते आमच्याकडेही नातेवाईक येऊन बोलतात, "पेशी नाहीत म्हणजे धोका नाही." याचं उत्तर कसं द्यायचं?

पेशीजाल:

यात अर्धं खरं आहे, म्हणूनच लोकांना पटतं. एक्झोसोम जिवंत नाहीत, त्यांचं विभाजन होत नाही, त्यामुळे स्टेम सेल टोचल्यावर गाठ वाढण्याची जी भीती असते ती इथे नाही. गोठवून ठेवता येतात, ऐन वेळी काढून देता येतात. हे फायदे खरेच आहेत.

आता धोके. एक्झोसोम कसे मिळवतात ते बघितलं की धोके आपोआप दिसतात. पेशी ज्या द्रवात वाढतात त्यात सर्रास वासराच्या रक्तातलं सीरम घालतात, आणि त्या सीरममध्ये गाई-वासरांचे स्वतःचे एक्झोसोम भरपूर असतात. ते आधी काढून टाकले नाहीत, तर शेवटी हातात येणारा माल माणसाचा किती आणि जनावराचा किती, काही सांगता येत नाही. मग तो द्रव टप्प्याटप्प्याने फिरवायचा: आधी हळू, म्हणजे पेशी आणि कचरा खाली बसतो, शेवटी एक लाख जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या लाखपट जोर पडेल, अशा वेगाने तासाभराहून जास्त. नळ्यांची वजनं काटेकोर जुळवावी लागतात. फिरवून झाल्यावर नळीच्या तळाशी बहुतेक वेळा डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून नळी मशीनमध्ये ठेवण्याआधीच बाहेरच्या बाजूला मार्करने खूण करून ठेवायची आणि नंतर दिसत नसलेला थर त्या खुणेच्या जागेवरून द्रावणात उचलायचा. मी शिकवायला घेतलेली मुलं पहिल्यांदा रिकामीच नळी बघतोय असं समजून ती फेकायला निघतात. त्या थरात एक्झोसोमबरोबर प्रथिनांचे गोळे आणि चरबीचे कणही येतात. म्हणून कण मोजायचे, एक्झोसोमवर असणारी ठरावीक प्रथिनं आहेत का बघायचं, नसायला हवीत ती नाहीत ना तेही बघायचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो घ्यायचा. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने याची नियमावली २०१४ मध्ये काढली, २०१८ आणि २०२३ मध्ये सुधारली. एवढं करूनही आजच्या बॅचचा आणि पुढच्या बॅचचा गुण तंतोतंत सारखा ठेवणं ही आमच्या सगळ्यांची डोकेदुखी आहे.

मोठ्या प्रमाणावर बनवताना पद्धत बदलते, गाळण्या वापरतात. पण एक अडचण तिथेही राहते. जंतू गाळून काढता येतात, विषाणू नाही, कारण कित्येक विषाणू एक्झोसोमच्याच आकाराचे असतात. मूळ दात्याची, पेशींची आणि मालाची नीट तपासणी झाली नसेल तर नुसती गाळणी रुग्णाला वाचवणार नाही.

आणि हे काल्पनिक नाही. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या एफडीएला, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेला, जाहीर इशारा द्यावा लागला. नेब्रास्का राज्यात परवानगी नसलेली एक्झोसोमची उत्पादनं घेऊन काही रुग्णांना गंभीर त्रास झाला होता. एफडीएने कुठल्याही आजारासाठी एक्झोसोमचं एकही उत्पादन मान्य केलेलं नव्हतं, आणि हे लिहिताना मला माहीत आहे तोवर तीच स्थिती आहे.

शिवाय सलाईनमधून दिलेले एक्झोसोम जातात कुठे? मुख्यतः यकृत आणि प्लीहा यांत, तेही थोड्याच वेळात. हृदयाच्या वाट्याला फार कमी येतात. हृदयाकडे नेणारं प्रथिन त्यांच्या पडद्यावर चिकटवण्याचे, किंवा जेलमध्ये घालून हृदयावर पट्टीसारखे लावण्याचे प्रयोग प्राण्यांवर चाललेत. क्लिनिकमधल्या साध्या ड्रिपमध्ये यातलं काय आहे, हा प्रश्न विचारून बघा.

तांबडीमाती:

मी सोलापूरचा. थोडं विषयाच्या कडेने विचारतो. आमच्या काकांना बर्जरचा आजार, उमेदीच्या वयात विड्या ओढून ओढून पायाच्या नळ्या बंद. दोन बोटं काढली. त्यांना डॉक्टरांनी स्टेम सेलचं सरकारमान्य इंजेक्शन आहे म्हणून सांगितलं. तेही फसवणुकीतलंच समजायचं का?

पेशीजाल:

नाही, आणि हा फरक सांगायची संधी दिलीत म्हणून बरं वाटलं. बंगळूरच्या स्टेमप्युटिक्स कंपनीचं स्टेमप्युसेल हे अस्थिमज्जेतल्या पेशींचं औषध आहे. बर्जरमुळे पाय सडण्याच्या अवस्थेसाठी त्याला भारताच्या औषध महानियंत्रकांनी २०१६ मध्ये सशर्त आणि २०२० मध्ये पूर्ण मान्यता दिली. त्यात पेशीच आहेत, एक्झोसोम वेगळे काढलेले नाहीत. ते आधी चाचण्यांतून गेलं, आकडे सरकारपुढे ठेवले गेले, मग मान्यता मिळाली. रस्ता हाच असतो. काकांना ते लागू आहे का हे रक्तवाहिन्यांचे सर्जन ठरवतील.

स्पंदन:

आणि तांबडीमाती, काकांची विडी आज, आत्ता बंद झाली पाहिजे. बर्जरमध्ये तंबाखू कुठल्याही रूपात चालू राहिली, मशेरी आणि गुटखासुद्धा, तर कुठलंही औषध पाय वाचवू शकत नाही. पूर्ण सोडलेल्यांचे पाय वाचलेले मी पाहिलेत.

मोगरा:

मुलीच्या जन्माच्या वेळी आम्ही नाळेतलं रक्त खासगी बँकेत ठेवलंय. तिथल्या माणसाने परवा फोन करून सांगितलं की यातून पुढे आजी-आजोबांच्या हृदयासाठी एक्झोसोम काढता येतील, म्हणून मुदत वाढवा. यात तथ्य आहे का?

पेशीजाल:

मोगराताई, आज तरी नाही. त्या रक्तात मुख्यतः रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल असतात, आणि त्यांचा सिद्ध उपयोग रक्ताच्या आजारांत आहे. कुणाच्या हृदयासाठी त्यातून एक्झोसोम बनवून देण्याची मान्यताप्राप्त सोय मला कुठेही ठाऊक नाही. मुदत वाढवायची की नाही हा तुमचा निर्णय, पण या कारणासाठी वाढवू नका.

चिकित्सक:

मग माणसांवर काहीच चाललेलं नाही का? निदान नीट पद्धतीने?

पेशीजाल:

चाललंय, आणि मी त्याकडे फार उत्सुकतेने बघतेय. पॅरिसच्या जॉर्ज पाँपिदू रुग्णालयातले सर्जन फिलिप मेनाशे यांनी आयुष्यभर हृदयात पेशी घालून बघितल्या. आधी मांडीच्या स्नायूच्या, मग भ्रूणाच्या स्टेम सेलपासून बनवलेल्या. आता त्यांच्या गटाने पेशी सोडून त्यांचा स्रावच घेतलाय. प्रौढ पेशी प्रयोगशाळेत माघारी वळवून केलेल्या स्टेम सेलपासून हृदयाच्या कोवळ्या पेशी बनवायच्या आणि त्यांनी सोडलेल्या पिशव्यांनी समृद्ध द्रव शिरेतून, काही आठवड्यांच्या अंतराने द्यायचा. पहिल्या रुग्णाचा वृत्तांत २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पहिल्या टप्प्याची चाचणी आहे, म्हणजे मुख्य प्रश्न 'धोका आहे का' हा. मेनाशे यांच्याविषयी मला आदर वाटतो तो याचसाठी, की स्वतःच्या जुन्या पद्धतीचे निकाल कमी पडले तेव्हा त्यांनी तसं छापलं आणि पुढे गेले.

भारतातही या पिशव्यांवर चांगलं मूलभूत काम होतं, पुण्यात विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी. ते प्रयोगशाळेतलं काम आहे, त्याचं इंजेक्शन कुणी विकत नाही.

माणदेशी:

भावाला सगळा धागा वाचायला दिला. तो म्हणतो क्लिनिकवाले सांगतात, "आमची सरकारकडे नोंदणी आहे." नंबरही दिलाय. मग ते खोटं कसं?

पेशीजाल:

दादा, नंबर कसला आहे ते बघा. दवाखान्याची नोंदणी, कंपनीची नोंदणी, चाचणीची नोंदणी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मुद्दाम गल्लत केली जाते.

आयसीएमआर (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभागाची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की रक्ताच्या आजारांतलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण सोडून स्टेम सेलचा बाकी वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करायचा. २०१९ च्या नव्या औषध आणि चाचणी नियमांत स्टेम सेलपासून बनवलेली उत्पादनं नवं औषध धरली आहेत. म्हणजे औषध महानियंत्रकांची परवानगी हवी, नैतिकता समितीची हवी, आणि सीटीआरआय या आयसीएमआरच्या संकेतस्थळावर पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद हवी. ती नोंद कुणीही फुकट उघडून बघू शकतो. नंबर टाका आणि आजाराचं नाव, औषधाचं नाव, चाचणीचा टप्पा, केंद्राचा पत्ता तुमच्या क्लिनिकशी जुळतो का ते ताडून बघा. नुसती नोंद म्हणजे मान्यता नव्हे; त्याच पानावर महानियंत्रकांच्या परवानगीचा रकाना असतो, तो वाचा.

आणि पैशांचं. खऱ्या चाचणीत प्रयोगाचं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई देण्याची जबाबदारी आयोजकांवर असते, आणि संमतिपत्र तुमच्या भाषेत, समजावून, प्रत तुमच्या हातात देऊन घ्यावं लागतं. साडेचार लाखांची पावती आणि 'परिणामांची जबाबदारी आमची नाही' असा एका ओळीचा कागद पुढे आला तर उठून बाहेर या.

रात्रपाळी:

संमतिपत्राचा मुद्दा मी आमच्या वॉर्डमधल्या नातेवाइकांना आजपासूनच सांगायला लागते.

माणदेशी:

नंबर टाकून बघितला. ती नोंद गुडघेदुखीची निघाली, गाव दुसरं, आणि परवानगीच्या रकान्यात 'लागू नाही' लिहिलंय. भाऊ गप्प झालाय. वडिलांची फाइल काढली तर स्पंदन सरांनी सांगितलेल्या चारपैकी दोनच गोळ्या चालू आहेत. परवा जिल्ह्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेतोय. जाताना काय काय घेऊ?

स्पंदन:

डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीची सीडी, आतापर्यंतचे सगळे इको, आणि अलीकडचे क्रिएटिनिन, पोटॅशियम, साखर यांचे रिपोर्ट. घरी बीपीचं मशीन असेल तर उद्यापासून सकाळ-संध्याकाळचं बीपी वहीत लिहा, सोबत सकाळी लघवीला जाऊन आल्यावरचं वजनही. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढलं, पायावर सूज आली किंवा रात्री आडवं झाल्यावर धाप लागली, तर परवापर्यंत थांबू नका, लगेच दाखवा. सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्याच घेऊन जा, नावं लिहिताना गडबड होते. स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या कुणीही सांगितलं तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.